पिकअपला जादा पाटा टाकला, म्हणजे गाडी जादा वजन पेलते का?

पाली (भाईंदर पश्चिम) : बोटी किनाऱ्याला लागल्या की म्हावरं बर्फात भरायचं, क्रेट पिकअपमध्ये रचायच्या आणि गाडी भाईंदर किंवा मुंबईच्या बाजाराला धाडायची. पाली, उत्तन, चौक या गावांचा हा रोजचा क्रम. माल भरून झाला की गाडीचा मागचा भाग खाली बसतो, चाक मडगार्डला टेकायला येतं आणि मालक म्हणतो, "पाटे बसले. एक पाटा वाढवून टाकू." कमानपाट्याच्या दुकानात काम अर्ध्या दिवसात उरकतं, गाडी मागून उचलली जाते आणि दुसऱ्या दिवसापासून चार क्रेट जास्त चढतात.

घोटाळा होतो तो इथेच. जादा पाटा गाडीची उंची परत देतो. गाडीची वजन वाहण्याची मर्यादा मात्र त्याने एका किलोनेही वाढत नाही. ॲक्सल, बेअरिंग, टायर, ब्रेक आणि चॅसी होते तेच राहतात. मासळीचा इन्सुलेटेड डबा असो, फिरत्या हॉटेलचे सामान असो किंवा अलीकडे चर्चेत असलेला राहता कॅम्पर असो, पिकअपवर कायमचं काही बसवायचं असेल तर हा हिशेब आधी समजून घ्यायला हवा.

पहिला हिशेब आरसीचा

गाडीच्या आरसीवर दोन आकडे असतात. एक रिकाम्या गाडीचं वजन, दुसरं भरलेल्या गाडीचं कमाल एकूण वजन. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की जे उरतं, तेवढंच गाडीवर चढवता येतं. रिकाम्या वजनात ड्रायव्हर आणि हमाल धरलेले नसतात, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. त्यांचं वजनही या उरलेल्या आकड्यातूनच जातं.

उदाहरण घेऊ. समजा एका पिकअपचं कमाल एकूण वजन २,९०० किलो आणि रिकामं वजन १,७०० किलो आहे. उरले १,२०० किलो. ड्रायव्हर आणि दोन माणसं मिळून २०० किलो धरले. मागे बसवलेला फायबरचा इन्सुलेटेड डबा ३०० किलोचा. आता उरले ७०० किलो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात मासळी टिकायची तर साधारण एक किलो मासळीला एक किलो बर्फ लागतो. म्हणजे रिकाम्या क्रेटचं वजन सोडलं तरी मासळी भरता येते ती जेमतेम ३५० किलो.

मालकाच्या डोक्यात मात्र "गाडी बाराशे किलोची" हे पक्कं बसलेलं असतं. तो ६०० किलो मासळी आणि ६०० किलो बर्फ भरतो. माणसं आणि डबा धरून वजन होतं १,७०० किलो, म्हणजे मर्यादेपेक्षा ५०० किलो जास्त. अशी गाडी मागे बसली तर त्यात पाट्याचा दोष नाही. पाटा खरं तेच सांगत असतो.

पाटा नेमकं काय करतो?

पिकअपच्या मागच्या ॲक्सलवर दोन्ही बाजूंना पोलादी पट्ट्यांचा थर असतो. सर्वांत वरचा, दोन्ही टोकांना डोळे असलेला तो मेन पाटा. त्याच्याखाली क्रमाने लहान होत जाणारे पाटे. मधून सेंटर बोल्ट आणि बाहेरून यू-बोल्ट हा सगळा थर ॲक्सलला आवळून धरतात. मागच्या टोकाला शॅकल असतं, कारण वजन आलं की कमान सरळ होते आणि लांबी थोडी वाढते. त्या वाढीला जागा शॅकल देतं. बऱ्याच गाड्यांत आणखी एक हेल्पर पाटा असतो. रिकाम्या गाडीत तो मोकळा राहतो आणि वजन ठरावीक मर्यादेपलीकडे गेलं की कामाला लागतो.

पाट्याचा कडकपणा तीन गोष्टींवर ठरतो: पाट्यांची संख्या, जाडी आणि लांबी. एकसारख्या पाच पाट्यांत सहावा घातला तर कडकपणा साधारण २० टक्क्यांनी वाढतो. जाडीचं गणित मात्र वेगळं आहे. तिथे घन चालतो. ६ मिलिमीटरच्या पाट्याजागी ७ मिलिमीटरचा टाकला, तर दिसायला एकच मिलिमीटर वाढला, पण तो पाटा जवळपास दीडपटीहून जास्त कडक झाला. म्हणून "भंगारातून मिळाला, जरा जाड आहे, पण बसेल" असं म्हणून टाकलेला पाटा रिकाम्या गाडीला बैलगाडी करून सोडतो. शिवाय थरात एकच पाटा इतरांपेक्षा फार कडक असला की ताण त्याच्यावर एकवटतो आणि तोच आधी तुटतो.

पाटा गरम करून वाकवणं किंवा तुटलेला पाटा वेल्डिंगने जोडणं, हे दोन्ही टाळायला हवं. पाट्याचं पोलाद ठरावीक तापमानाला तापवून, विझवून तयार केलेलं असतं. गॅसच्या ज्योतीने ते गुण तिथल्या तिथे जातात. वेल्डिंग केलेला पाटा चार दिवस दिसतो धड, पण खड्ड्यात तो जोडाशेजारीच जातो. बसलेल्या पाट्यांना पुन्हा कमान देण्याचं काम थंड पाट्यावर, यंत्राने किंवा ठोकून करतात. पण पाटे गंजून खड्डे पडले असतील तर कमान देण्यापेक्षा नवा संच घेतलेला बरा.

ब्रेकची दांडी : जी कोणी बघत नाही

पाटा वाढवताना सर्वांत जास्त दुर्लक्षित राहते ती मागच्या ब्रेकची व्यवस्था. अनेक पिकअपमध्ये चॅसी आणि मागच्या ॲक्सलच्या मधे एक व्हॉल्व्ह असतो. त्याची दांडी ॲक्सलला जोडलेली असते. गाडी भरून खाली बसली की दांडी फिरते आणि मागच्या चाकांना जास्त ब्रेक मिळतो. गाडी रिकामी असली की मागचा ब्रेक कमी होतो, नाहीतर हलकी मागची चाकं लॉक होऊन गाडी गर्रकन फिरेल.

या व्हॉल्व्हला वजन कळत नाही, फक्त उंची कळते. पाटा वाढवून गाडी मागून उचलली की भरलेली गाडीही त्याला रिकामी वाटते. परिणाम असा की गाडीत माल जास्त आणि मागचा ब्रेक कमी. सगळा भार पुढच्या ब्रेकवर येतो, ते तापतात आणि थांबायला लागणारं अंतर वाढतं. भाईंदरहून मुर्धा, राई, मोर्वा, डोंगरी अशा गावांतून येणाऱ्या रस्त्यावर घरं, दुकानं, शाळेची पोरं आणि दुचाक्या अगदी रस्त्याला लागून असतात. तिथे थांबण्याच्या अंतरातली चार पावलंही मोलाची ठरतात.

म्हणून पाट्याचं कोणतंही काम झालं की त्या व्हॉल्व्हची दांडी गाडीच्या कंपनीच्या मापानुसार पुन्हा लावून घ्यावी. कमानपाटेवाला हे काम सहसा करत नाही. ते ब्रेकच्या जाणत्या मेकॅनिककडूनच करून घ्यावं लागतं.

वजन किती, तसंच वजन कुठे

माल मागच्या ॲक्सलच्या पुढे आहे की मागे, यावर बरंच अवलंबून असतं. समजा पुढच्या आणि मागच्या चाकांत ३०० सेंटिमीटर अंतर आहे. ४०० किलोचा भार मागच्या ॲक्सलच्या ६० सेंटिमीटर मागे ठेवला तर मागच्या चाकांवर ४०० नाही, ४८० किलो येतात आणि पुढची चाकं ८० किलोने हलकी होतात. तराजूसारखंच आहे हे. पुढची चाकं हलकी म्हणजे स्टेअरिंग हलकं आणि पुढच्या ब्रेकची पकड कमी. हेडलाइटचा झोतही वर जातो आणि समोरच्याच्या डोळ्यात मारतो. तोच भार ॲक्सलच्या ३० सेंटिमीटर पुढे ठेवला तर मागे ३६० आणि पुढे ४० किलो अशी वाटणी होते.

त्यामुळे बर्फाच्या जड क्रेट केबिनला लागून, खाली आणि दोन्ही बाजूंना सारख्या ठेवाव्यात. फळक्याजवळ आणि वरच्या थरात हलका माल. वितळलेलं पाणी डब्यात साचू देऊ नये. वळणावर ते एका बाजूला धावतं आणि गाडी त्याच बाजूला झुकते. ते रस्त्यावर सोडलं तर मागून येणारा दुचाकीवाला घसरतो. तळाला नळी काढून पाणी टाकीत घेणं हा त्यावर साधा उपाय आहे.

पाटा, हेल्पर की हवेचा फुगा?

वजन मर्यादेत असूनही गाडी मागे बसत असेल, तर उपाय आहेत. पण कोणता निवडायचा हे गाडीच्या कामावर ठरतं.

मासळीची गाडी जाताना भरलेली आणि येताना रिकामी असते. तिला कायमचा कडक पाटा सोसत नाही. येताना गाडी उडते, चाकं रस्ता सोडतात, शॉकअप आणि बुश लवकर जातात. अशा गाडीला मूळ मापाचे चांगले पाटे आणि गरज पडली तरच कामाला लागणारा हेल्पर, हे जास्त बरं. ॲक्सल आणि चॅसीच्या मधे बसणारे हवेचे फुगेही मिळतात. माल भरला की हवा भरायची, रिकामी झाली की कमी करायची. दोन्ही बाजूंच्या नळ्या वेगळ्या असाव्यात. एकच नळी असली तर वळणावर एका फुग्यातली हवा दुसऱ्यात जाते आणि गाडी आणखी झुकते.

कॅम्परचं उलट असतं. त्याचं वजन रात्रंदिवस गाडीवर असतं, गाडी उभी असतानाही. तिथे त्या कायमच्या वजनाच्या मापाने बनवलेला पूर्ण पाटेसंच लागतो. हेल्परवर सतत वजन ठेवलं तर खड्ड्यासाठी राखीव असलेली हालचालच उरत नाही आणि बंप रबर ठोकत राहतं.

शॉकअपबद्दलही एक गैरसमज आहे. शॉकअप वजन पेलत नाही, तो फक्त उसळी मारते ती आवरतो. पाटे कडक केले आणि जुनेच शॉकअप ठेवले तर गाडी खड्ड्यानंतर जास्त वेळ हेलकावे खाते.

टायरचंही बघायलाच हवं. टायरच्या बाजूवर भारांकाचा आकडा असतो. १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, १०४ म्हणजे ९००, १०८ म्हणजे १,००० किलो, तेही पूर्ण हवेत. मागे १०४ भारांकाचे दोन टायर असतील तर त्या ॲक्सलवर १,८०० किलोच्या वर जाता येत नाही, वर कितीही पाटे टाका.

कॅम्परचा वेगळा पेच

आपल्याकडे कॅम्पर म्हटलं की कोणाला दोन रांगांची बोलेरो आठवते, तर कोणाला पाण्याचा वीस लिटरचा जार. इथे मुद्दा आहे तो पिकअपच्या पाठीवर बसवलेल्या, झोपायची आणि चूल मांडायची सोय असलेल्या डब्याचा. राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. उत्तनचा किनारा, वेलंकनी मातेचं तीर्थ आणि चौकचा धारावी किल्ला बघायला येणारे लोक पाहून एखाद्या पिकअपवाल्याच्या मनात हा जोडधंदा आला तर नवल नाही.

वजनाचा अंदाज असा घालता येईल. डबा ३५० किलो, गाद्या आणि लाकूडकाम ६०, ८० लिटर पाणी म्हणजे ८० किलो, इन्व्हर्टरची बॅटरी ५५, भरलेला घरगुती सिलिंडर जवळपास ३०, चार माणसं २६० आणि सामान ६०. बेरीज होते ८९५ किलो. वरच्या उदाहरणातल्या पिकअपला आकडा झेपतो. पण चैनीच्या दोन रांगांच्या पिकअपमध्ये बरेचदा काही शे किलोच उरतात, तिथे हा डबा बसत नाही.

आकडा झेपला तरी उंचीचा प्रश्न राहतो. मासळीचं वजन फळीवर असतं, कॅम्परचं वजन छातीपर्यंत आणि वर जातं. त्यात पाटे वाढवून गाडी आणखी उचलली की वळणावर आणि किनाऱ्यावरच्या आडव्या वाऱ्यात ती जास्त कलंडते. म्हणून पाणी आणि बॅटरी तळाला, ॲक्सलच्या पुढे ठेवायला हव्यात आणि गाडी मूळ उंचीपेक्षा वर जाऊ द्यायची नाही.

शिवाय मालवाहू म्हणून नोंदवलेल्या गाडीच्या मागच्या भागात प्रवासी बसवता येत नाहीत. कॅरॅव्हॅन म्हणून गाडी वेगळी नोंदवावी लागते. त्यासाठी बसायची जागा आणि टेबल, झोपायची सोय, स्वयंपाकाची सोय आणि सामानाची जागा किमान असावी लागते, आणि गाडी त्या मानकांत बसावी लागते. पाट्यांपेक्षा हेच काम मोठं आहे. म्हणून डब्याची ऑर्डर देण्याआधी आरटीओत चौकशी करावी.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलापेक्षा नोंदणीतला तपशील वेगळा ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाने परवानगी नसलेला बदल केला तर कलम १८२अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. कलम १९४ खाली जादा वजनासाठी २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये असा दंड आहे. जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे नेता येत नाही, आणि उतरवण्याचा खर्चही मालकाच्याच माथी. उन्हात म्हावरं रस्त्यावर उतरवायची वेळ आली तर दंडापेक्षा नुकसान मोठं.

झिजलेले पाटे त्याच मापाच्या पाट्यांनी बदलणं ही दुरुस्ती आहे, तिला कोणी आडकाठी करत नाही. डबा बसवणं, बॉडी बदलणं किंवा मूळ रचनेत भर घालणं हे मात्र आधी आरटीओला विचारून आणि आरसीवर नोंदवून घ्यावं. अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा हेच कागद मागते. गाडीचा हप्ता चालू असतानाच दावा अडकला, तर कर्जही उरतं आणि गाडीही जाते.

खारं पाणी हा खरा शत्रू

पाली-उत्तनकडच्या गाड्यांचे पाटे वजनाने जेवढे जातात तेवढेच गंजाने जातात. क्रेटमधून गळणारं खारं पाणी पाट्यांच्या फटीत शिरतं आणि तिथेच राहतं. गंजाने पाट्याला बारीक खड्डे पडतात, रोजच्या हेलकाव्यांत त्याच खड्ड्यातून चीर सुरू होते आणि एक दिवस भरल्या गाडीत पाटा तुटतो. यू-बोल्ट, शॅकल आणि ब्रेकची लोखंडी नळी यांचंही तसंच. ब्रेकची नळी गंजून फुटली तर पाट्यांचा सगळा हिशेब बाजूलाच राहतो. रोज माल उतरवला की खालून गोड्या पाण्याने धुणं, हा सर्वांत स्वस्त इलाज. जळकं तेल मारायची सवय असेल तर ते ब्रेक ड्रम आणि रबरी बुशवर जाऊ देऊ नये.

बंदीच्या दोन महिन्यांत करायचं काम

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. गाडीकडे बघायला याहून चांगला काळ नाही.

१. गाडी वजनकाट्यावर न्यावी. पूर्ण गाडी, फक्त पुढची चाकं, फक्त मागची चाकं असं तीनदा वजन करावं. मोसम सुरू झाला की भरल्या गाडीचंही तसंच करावं.

२. सपाट जागेवर चारही चाकांच्या वर मडगार्डपर्यंतची उंची मोजून लिहून ठेवावी. डावी-उजवीकडे फरक दिसला तर एका बाजूचा पाटा बसला किंवा तुटला आहे.

३. पाट्यांत चीर, फट, सरकलेला सेंटर बोल्ट बघावा. सेंटर बोल्ट तुटला की ॲक्सल सरकतो आणि गाडी तिरकी चालते.

४. पाटे नेहमी दोन्ही बाजूंचे जोडीने बदलावेत. यू-बोल्ट नवे घ्यावेत आणि पहिल्या काही शे किलोमीटरनंतर पुन्हा आवळून घ्यावेत.

५. ब्रेकच्या व्हॉल्व्हची दांडी, ब्रेकच्या नळ्या, हेडलाइटचा झोत आणि टायरचा भारांक एकदम तपासावा.

६. डबा किंवा कॅम्पर बनवून घेताना कारागिराकडून त्याचं वजन आधी लिहून घ्यावं.

हे सगळं करूनही माल उरत असेल, तर उपाय पाट्यात नाही. दोन फेऱ्या कराव्यात, डबा हलका बनवून घ्यावा किंवा मोठी गाडी घ्यावी. मागून बसलेली गाडी मालकाला काहीतरी सांगत असते. पाटा वाढवून तिचं तोंड बंद करण्याआधी एकदा काट्यावर जाऊन ती खरं बोलतेय का ते बघावं.